क्रियापद, चौक आणि भाडेकरार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या लेखात मी पारलिंगी स्त्री असल्याचा उल्लेख एका वाक्यात केला होता आणि लेख होता पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांवर. आलेली पत्रे मात्र जवळजवळ सगळी त्या एका वाक्याबद्दल होती. ज्यांत नुसत्या शिव्या होत्या ती बाजूला ठेवली. ज्यांत प्रश्न होता त्यांपैकी पाच पत्रे इथे घेते आहे आणि उत्तरांआधी एका शब्दाचा खुलासा करते. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःची ओळख ज्यांची जुळत नाही ते सगळे पारलिंगी. हिजडा ही गुरू-चेल्याच्या नात्यावर उभी असलेली एक जुनी परंपरा आहे, आणि यल्लम्माला वाहिलेले जोगते ही आणखी वेगळी. मी यांपैकी कोणत्याही घराण्यातली नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क मला नाही. पारलिंगी पुरुषही असतात, हे तर पत्र लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलेले दिसत नाही.

प्रश्न : मी सहकारनगरमध्ये राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझा एक जुना विद्यार्थी आता स्त्री म्हणून राहतो आणि पुढच्या महिन्यात मला भेटायला येणार आहे. मी काय म्हणून हाक मारावी? चुकून काही बोलले तर मनाला लागेल अशी भीती वाटते.

उत्तर : बाई, तुमच्या वाक्यातले ‘राहतो’ आणि ‘येणार आहे’ हे दोन प्रयोग पाहा. पहिल्याने त्या व्यक्तीला पुरुष केले, दुसऱ्याने काहीच केले नाही. आपली भाषा अशी आहे की ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवल्याशिवाय माणसाला स्वतःच्या येण्याची वर्दीसुद्धा देता येत नाही. बंगालीत क्रियापदाला लिंग नसते, त्यामुळे तिथल्या माझ्यासारखीला निदान बोलताना तरी दिवसातून शंभर वेळा स्वतःला जाहीर करावे लागत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी या बाबतीत नशीबवान ठरले, कारण मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे बहिणी, मावश्या, शेजारच्या मुली सर्रास ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे बोलत, आणि त्यांच्या बाईपणाबद्दल कोणाला कधी शंका आली नाही. त्या ‘जातो’च्या आडोशाला माझे बालपण निभावून गेले. अठराव्या वर्षी पुण्यात शिकायला आले, इथल्या मुलींच्या तोंडी ‘मी आले’ ऐकले आणि त्या दिवसापासून प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझी परीक्षा सुरू झाली. पहिल्यांदा ‘मी आले’ म्हणायचे धाडस केले ते फोनवर, एका चुकीच्या नंबरवरच्या अनोळखी माणसाशी बोलताना.

आता तुमच्या अडचणीबद्दल. मराठीनेच एक सोय करून ठेवली आहे : ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत निवड करावी लागते, पण ‘तुम्ही आलात’ म्हटले की निवड उरत नाही. ‘कुठे राहता’, ‘जेवलात का’, ‘काय करता’ यांतले एकही वाक्य समोरच्याचे लिंग विचारत नाही. (‘तुम्ही कसे आहात’ इथे मात्र फसगत होते, तिथे ‘बरे आहे ना’ असे विचारावे.) परक्या माणसाशी बोलताना मी हेच सुचवीन. तुम्ही मात्र त्यांच्या बाई आहात, आणि ज्यांना शाळेत ‘तू’ म्हटले त्यांना एकाएकी ‘तुम्ही’ म्हटले तर ते आदराइतकेच दुराव्याचेही वाटेल. म्हणून आल्याबरोबर सरळ विचारा की आता नाव काय, आणि ते नाव घेऊन ‘आलीस’ म्हणा. शाळेच्या जुन्या आठवणी निघाल्या तरी ‘तेव्हा तू मुलगा होतास’ असे म्हणण्याची गरज नाही, ‘तू वर्गात फार बोलायचीस’ एवढे पुरते. जीभ घसरली तर तिथल्या तिथे शब्द सुधारा आणि पुढे चला, दहा मिनिटे माफी मागू नका, कारण मग तुमचे सांत्वन करण्याचे काम तिच्यावर येऊन पडते. आणि शस्त्रक्रिया झाली का, हे विचारू नका. इतर कोणत्याही विद्यार्थिनीला आपण तसे विचारत नाही.

प्रश्न : वाकडहून रोज दुचाकीने येतो. चौकात हे लोक अंगावर येतात, पैसे दिले नाहीत तर अर्वाच्य बोलतात. सहानुभूती कशाची बाळगायची? काम का करत नाहीत?

उत्तर : अंगावर येणे, धमकावणे, कपड्यांना हात घालणे हा गुन्हा आहे आणि तो कोणी केला यावरून त्याचे स्वरूप बदलत नाही, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. तक्रार जरूर करा. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी तेव्हाच्या कलम १४४ खाली जो मनाई आदेश काढला, त्याला माझा विरोध होता आणि आहे, कारण त्यात तृतीयपंथीयांनी चौकांत जमून पैसे मागण्यास समूह म्हणून बंदी होती. खंडणी मागणाऱ्या माणसाविरुद्ध कलमे आधीपासून आहेत. समाजाचे नाव घालून आदेश निघाला की औषध आणायला निघालेल्या माझ्यासारख्या बाईकडेही चौकातला शिपाई त्याच नजरेने पाहू लागतो.

या नजरेला इतिहास आहे. पेशवाईच्या मुलखात हिजड्यांना गावोगाव धान्य आणि पैसा मागण्याचा मान्य केलेला हक्क होता, काहींना इनाम जमिनी होत्या आणि तो हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मुंबई इलाख्याच्या सरकारने हे हक्क वारसाने पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, ज्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची पोलिसांकडे नोंद करण्याची आणि त्यांनी स्त्रीवेशात चारचौघांत नाचणे-गाणे हा दंडनीय गुन्हा ठरवण्याची तरतूद होती. म्हणजे ज्याला आधी हक्क म्हणत त्याची भीक झाली आणि मग भिकेचाही गुन्हा झाला. यावरून आजच्या चौकातली दमदाटी समर्थनीय ठरत नाही, हे मी पुन्हा सांगते. ‘हे लोक असेच’ या समजुतीचे वय मात्र त्यावरून कळते.

कामाचे म्हणाल तर पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि उद्यानकामासाठी घेतले, ते रस्त्यावर दिसलेही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राज्यातल्या पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना यावा म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अर्ज भरता येणे हाच जिथे विजय असतो, तिथे ‘काम का करत नाहीत’ हा प्रश्न अर्धा उरतो. उरलेला अर्धा तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारून पाहा : तुमच्याकडे किती जणी आहेत? मला स्वतःला एका कार्यालयात मुलाखतीनंतर निवड झाल्याचे सांगितले गेले आणि कागदपत्रांवरचे जुने नाव पाहिल्यावर जागा गोठवल्याचे कळवले गेले. ती जागा पंधरवड्यात भरली.

प्रश्न : मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. तृतीयपंथी उमेदवार निवडणुकीला उभे राहिले की बातमी होते, पण पुढे काही होत नाही. राजकारणाने खरेच काही बदलेल का? आणि आरक्षणाबद्दल आपले मत काय?

उत्तर : बातमी होते ती ‘पहिले’ या शब्दाची. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरमधून शबनम मौसी आमदार झाल्या. कटनीत कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या, पण पद स्त्रियांसाठी राखीव होते आणि त्या स्त्री नाहीत असे म्हणून न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली. आपल्याकडे माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये माऊली कांबळे यांना सरपंच केले. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची निवडणूक. तिथे अंजली पाटील यांचा अर्ज स्त्रियांच्या प्रभागातून आला म्हणून फेटाळण्यात आला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून दावा करता येणार नाही, एवढी अट घातली. त्या निवडून आल्या. कटनी ते भादली या अंतरात एकच मोठी गोष्ट घडली होती : १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल, ज्याने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा राजकारणाने बदलते का, याचे माझे उत्तर असे की आमच्या बाबतीत आधी न्यायालयाने दार उघडले आणि पक्ष अजून उंबरठ्यावर पुष्पगुच्छ घेऊन उभे आहेत. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले आणि २०२४ मध्ये रावेरमधून शमिभा पाटील यांना विधानसभेची उमेदवारी दिली, हे अपवाद म्हणून नोंदवते. त्या पक्षाचा प्रचार म्हणून हे वाचू नये.

आरक्षणाच्या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. नालसा निकालाने आम्हाला सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण देण्याचे निर्देश दिले. वरवर हे उत्तम वाटते. पण समजा एखादी पारलिंगी मुलगी मातंग समाजातली आहे. तिला इतर मागासवर्गाच्या खणात घातले तर अनुसूचित जातीचा हक्क सोडावा लागतो, आणि तिथेच ठेवले तर पारलिंगी म्हणून काहीच मिळत नाही. जात आणि लिंग यांतले एक निवड, असे तिला सांगणे हा अन्याय आहे. स्त्रियांना आणि अपंगांना जसे प्रत्येक प्रवर्गाच्या आत समांतर आरक्षण असते तसेच ते हवे, आणि कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का या पद्धतीने देऊन ते शक्य असल्याचे दाखवले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ जण नोंदले गेले. ज्यांनी भीतीने तो रकाना निवडलाच नाही, त्यांची गणती त्यात नाही. एवढ्या विखुरलेल्या मतांवर कोणाची गणिते फिरत नाहीत, आणि म्हणूनच आम्ही मतपेढीच्या नव्हे तर हक्काच्या भाषेत मागितले पाहिजे असे मी मानते.

प्रश्न : आमचा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो की तो मुलगी आहे. नातेवाईक देवऋषाकडे न्या म्हणतात, एक ओळखीचे डॉक्टर ‘उपचाराने सुधारेल’ म्हणतात. आम्ही हडपसरला राहतो, साधी माणसे आहोत.

उत्तर : तुमच्या मुलाने, किंवा मुलीने, हे तुम्हाला सांगितले, यातच त्या घरात काहीतरी चांगले आहे हे मला दिसते. मी माझ्या आईला चौतिसाव्या वर्षी सांगितले.

देवऋषाकडे नेऊ नका. ओळख बदलण्याचा ‘उपचार’ करणे हे वैद्यकीय गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा ते डॉक्टर सांगतात तो मार्ग डॉक्टरांच्याच नियमांत बसत नाही. या विषयाची माहिती असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर जा, पण बदलण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. घाई कसलीच करू नका : ना नाव बदलण्याची, ना नाकारण्याची. शाळेत चिडवाचिडवी होत असेल तर ती आधी थांबवा, कारण आमच्यातल्या कित्येकींची शाळा नववी-दहावीत सुटते आणि पुढचे सगळे प्रश्न तिथून सुरू होतात. मूल घर सोडून गेले तर त्याला आसरा देणारे बहुधा आमच्यासारखेच कोणीतरी असतात, आणि त्या आसऱ्याची किंमत कधीकधी चौकात उभे राहून चुकवावी लागते. नातेवाइकांना काय सांगायचे, हे मला विचाराल तर सध्या काहीच सांगू नका.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर माझी सदनिका आहे. एका पारलिंगी परिचारिकेला भाड्याने द्यायची इच्छा आहे, पण सोसायटीचे पदाधिकारी ‘वातावरण बिघडेल’ म्हणतात. मला त्यांच्याशी भांडण नको आहे.

उत्तर : भांडू नका, पत्र द्या. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१९ च्या कायद्याने घर भाड्याने घेण्याच्या बाबतीत पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. मात्र शिक्षेच्या कलमात घर नाकारण्याचा थेट उल्लेख नाही, आणि हा त्या कायद्यातला माझ्या मते मोठा कच्चा दुवा आहे. लैंगिक अत्याचाराला त्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे, हा त्याहूनही मोठा, पण तो विषय एका उत्तरात मावणारा नाही.

भाडेकरार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा करा, त्याची नोंदणी करा, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरा, अनामत रक्कम इतरांकडून घेता तेवढीच घ्या. तिची ओळखपत्रे दोन नावांची असतील तर राजपत्रातल्या नावबदलाची प्रत जोडा. मग सोसायटीला करार झाल्याचे लेखी कळवा आणि हरकत असल्यास कारण लेखी द्यावे अशी विनंती करा. मी पुण्यात सहा घरे बदलली. तोंडी हरकती प्रत्येक ठिकाणी आल्या, जिन्यात आल्या, घरमालकिणीच्या कानात आल्या, पण सोसायटीच्या शिक्क्याच्या कागदावर एकही आली नाही. तुमच्या भाडेकरूला रात्रपाळी असेल, तेव्हा पाण्याच्या वेळा मात्र आधीच सांगून ठेवा.