बीएस्सी केमिस्ट्री करताना लॅबमध्ये रिसर्च करायला कसं मिळेल?

आधी स्वतःच्या कॉलेजमध्येच विचार, ज्या सर-मॅडमकडे पीएचडीची मुलं आहेत त्यांना भेट, सुरुवातीला काचेची भांडी धुवायला आणि टीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून बघायची सोपी चाचणी) करायला लावतील पण कंटाळू नकोस, हात तिथेच बसतो. बाहेरचं म्हणशील तर बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन सायन्स अकॅडमी मिळून २ महिन्यांची समर फेलोशिप देतात, स्टायपेंडसकट, फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात त्यामुळे एप्रिलमध्ये जागा होऊ नकोस (मी झालो होतो 😅). पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) आहेतच. फक्त मेल करताना 'रिस्पेक्टेड सर' टाइप एकच मेल पन्नास जणांना ढकलू नकोस, त्यांचा एखादा पेपर वाच आणि त्यातलं जे कळलं नाही तेच विचार.