आईला सर्व्हाव्हॅक नको, आधी बायॉप्सीचा ब्लॉक तपासा

ताई, तुमचा प्रश्न असा: आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, परळला केमो चालू, आणि शेजारच्यांनी सुचवलंय की सर्व्हाव्हॅक (एचपीव्ही या विषाणूविरुद्धची, हा कॅन्सर होऊ नये म्हणून घ्यायची लस) टोचून घ्या. आलेली गाठ त्याने हलणार नाही. ती लस विषाणूच्या कवचाविरुद्ध, एल१ प्रथिनाविरुद्ध, अँटिबॉडी बनवते. गाठीतल्या पेशींत ते कवच बहुधा बनतच नाही. तिथे असतात ई६ आणि ई७ ही विषाणूची दुसरी प्रथिनं. पेशींची बेलगाम वाढ रोखणाऱ्या आपल्या प्रथिनांपैकी एक पी५३ संपवतं, दुसरं आरबीला निकामी करतं. आजार झाल्यावर द्यायची उपचाराची लस या दोघांवर टी-पेशी, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, सोडते.

आयएसए१०१ ही त्यातली एक, एचपीव्ही-१६ या प्रकारासाठीची, १३ लांब पेप्टाइड्सची (प्रथिनांच्या तुकड्यांची). २००९मध्ये योनिमुखावरच्या कॅन्सरपूर्व डागांत १९पैकी ९ जणींचे डाग वर्षभरात पूर्ण गेले. पण पसरलेल्या कॅन्सरमध्ये एकट्या लसीची डाळ शिजली नाही. टी-पेशी गाठीपर्यंत पोचल्या तरी तिथलं पीडी-एल१ हे प्रथिन त्यांना ब्रेक लावतं. म्हणून जोडीला हा ब्रेक काढणारं औषध, निवोलुमॅब: लस दिवस १, २२ आणि ५०ला, निवोलुमॅब ८व्या दिवसापासून दर २ आठवड्यांनी. आधी टी-पेशी वाढू द्यायच्या, मग ब्रेक काढायचा. २४पैकी ८ रुग्णांच्या गाठी बऱ्याच आकसल्या. मात्र त्यातले २२ घशाच्या कॅन्सरचे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा आकडा जपूनच वाचा.

केमो आड येते असं नाही. कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलने टी-पेशींना दाबणाऱ्या मायलॉइड पेशी कमी होतात, म्हणून अभ्यासात दुसऱ्या सायकलनंतर साधारण २ आठवड्यांनी लस दिली गेली. गाठीने एचएलए (पेशीच्या आतलं प्रथिन टी-पेशींना दाखवणारी खूण) लपवलं, तर मात्र टी-पेशींना काही दिसतच नाही. तिथे ही जोडीही हरते.

आता कामाचं. पॅथॉलॉजीतून बायॉप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या आणि एचपीव्हीचं टायपिंग करा, म्हणजे विषाणूचा प्रकार कळेल. पी१६ (एचपीव्हीची खूण मानलं जाणारं प्रथिन) पॉझिटिव्ह एवढ्यावर भागत नाही, त्यातून टाइप कळत नाही; आणि १८ निघाला तर १६साठीची पेप्टाइड्स निरुपयोगी. त्याच ब्लॉकवर पीडी-एल१चा सीपीएसही, म्हणजे ते किती आहे याचा गुणांक, काढा. आजार परतलेला किंवा पसरलेला असेल आणि सीपीएस १ किंवा जास्त असेल, तर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब या निवोलुमॅबसारख्याच औषधाचं डॉक्टरांना विचारा. त्याला ट्रायल लागत नाही, खर्च मात्र भलताच.

उपचाराची लस दुकानात मिळत नाही, फक्त ट्रायलमध्ये. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीवर, शोधा. ट्रायलमध्ये रोज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन चालू असेल तर बहुधा घेत नाहीत. पण म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. आणि 'कॅन्सरची लस' म्हणून कुणी लाखभर मागितले, तर सरळ उठून या.