जपानी शाळांच्या गोष्टींमध्ये वेळ थांबवायची एवढी ओढ का असते?

तुमचा प्रश्न आहे की जपानी शाळांच्या ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांत आणि मालिकांत, प्रत्येकाला "हे दिवस संपूच नयेत" असं का वाटत असतं. माझ्या मते याचं कारण तिथल्या शाळेच्या वेळापत्रकातच आहे. हायस्कूल फक्त ३ वर्षांचं, एप्रिलला सुरू आणि मार्चला निरोप, आणि क्लब म्हणजे पोरांचा जीव की प्राण, पण खेळाच्या क्लबमधून तिसऱ्या वर्षाची मुलं साधारण उन्हाळ्यातच बाहेर पडतात. ऑगस्टमध्ये कोशिएन या स्टेडियमवर शाळांची बेसबॉल स्पर्धा असते, तिथे हरलेली पोरं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. म्हणजे काय कधी संपणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

म्हणूनच वेळ अडकतो तो पण आदल्या दिवशी. दिग्दर्शक मामोरू ओशीच्या १९८४ च्या 'ब्युटिफुल ड्रीमर' या सिनेमात शाळेच्या फेस्टिव्हलच्या आदला दिवसच परत परत उजाडतो, सगळे शाळेतच राहून तयारी करतायत आणि फेस्टिव्हल काही येत नाही, कारण नायिका लुमला मनातून सगळे असेच एकत्र हवे असतात. आपल्याकडे गॅदरिंगच्या आधी उशिरापर्यंत स्टेज सजवत थांबलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

'सुझुमिया हारुही' या मालिकेने २००९ मध्ये तर कमालच केली, सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे सलग ८ एपिसोड जवळपास तेच, गोष्टीत ते १५,५३२ वेळा घडतात. प्रेक्षक प्रचंड भडकले होते पण मला तो प्रयोग मनापासून पटतो, कारण हे सगळं आठवत असतं त्यांच्यातल्या एकट्या युकी नागातो या मुलीला, आणि तिचा कंटाळा आपल्यालाही सोसावा लागतो. आणि सुटका कशाने होते तर होमवर्कने! गोष्टीचा नायक क्योन, त्याचा राहिलेला गृहपाठ सगळे मिळून त्याच्या घरी बसून करतात. पोहणं, फटाके, जत्रा सगळं करून झालेलं असतं, फक्त असं साधं एकत्र बसणं राहिलेलं असतं.

तरी मला सगळ्यात जास्त लागतो तो शाळेच्या म्युझिक क्लबमधल्या मुलींच्या 'के-ऑन' या मालिकेचा दुसरा सीझन, २०१० चा. तिथे जादूबिदू काही नाही, वेळ थांबतच नाही. शेवटच्या फेस्टिव्हलचा कार्यक्रम झाल्यावर मुली क्लबरूममध्ये बसून आता ख्रिसमस, मग नवीन वर्ष असं ठरवत जातात, पुढच्या वर्षीच्या फेस्टिव्हलपर्यंत पोचतात आणि मग लक्षात येतं की तो त्यांच्यासाठी नाहीच आहे. एक वर्षाने लहान अझुसा मात्र मागे राहणार असते. तुम्ही 'के-ऑन'पासूनच सुरुवात करा, फक्त पहिला सीझन गाळू नका, अझुसा क्लबमध्ये येते ती त्यातच.