पहिली-दुसरीच्या वर्गात फोनिक्सचे गेम खेळून मुलं खरंच वाचायला लागतात का?

तुम्ही लिहिलंय की शाळेनं इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोट लावून चालवायची मोठी स्क्रीन) घेतलं, त्यात फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायच्या पद्धतीच्या, गेमचं पॅकेज आहे, इंग्लिशचा अर्धा पीरियड त्यातच जाते, तर पोरं यातून वाचायला शिकतात का. तुम्ही पालक आहात की टीचर ते काही कळलं नाही. मी नागपूरची, कित्येक वर्षं पहिलीलाच शिकवून राहिली आहे, आणि याच विषयावरून एका शाळेत माझं इतकं वाजलं की प्रश्न पाहून हात आवरलाच नाही.

ती शाळा इंग्लिश मीडियमची, नाव घेत नाही. जूनच्या शेवटी शाळा उघडली (पुण्या-मुंबईवाल्यांसाठी सांगते, विदर्भात उन्हामुळे उशिराच उघडते) तर वर्गात भलंमोठं पॅनल लागलेलं. गेम असा की आतली बाई म्हणते 'टॅप', खाली तीन चित्रं, प्रत्येकाखाली स्पेलिंग, बरोबर चित्रावर बोट ठेवलं की टाळ्या आणि स्टार. चुकलं तर काहीच नाही, पुन्हा बोट ठेवा, पुन्हा ठेवा, कधीतरी लागतेच. पोट्टे खूश, सुपरवायझर मॅडम त्याहून खूश, कारण कोणाला किती स्टार याचा चार्ट आपोआप निघते आणि तो ओपन डेला पालकांना दाखवता येते.

माझ्या वर्गात एक पोट्टा होता, त्याला आपण छोटू म्हणू. चार्टवर कायम पहिला. ओपन डेला मॅडमनी पालकांसमोर त्याचं नाव घेतलं, त्याची आई पहिल्या बाकावर, चेहरा नुसता फुललेला, आणि मॅडमच म्हणाल्या की मिस, याच्याकडून जरा वाचून दाखवा. मी पॅनल बंद केलं अन् फळ्यावर खडूनं तीन-तीन अक्षरांचे शब्द लिहिले, टॅप, पिन, नॅप, गेममधलेच, बाहेरचे नाही. पोरगं फळ्याकडे पाहीना, माझ्या तोंडाकडे पाहून राहिलं. आवाज कधी येते याची वाट पाहत होतं ते! गेममध्ये शब्द आधी ऐकू येते, मग चित्र शोधायचं, म्हणजे अक्षरांकडे पाहायची गरजच पडत नाही. शेवटी त्यानं 'पिन'ला 'पेन' म्हटलं आणि बाकीचे दोन सोडूनच दिले. आई एवढंच बोलली, "मग मिस, हे स्टार कायचे आहेत?"

त्यानंतर स्टाफरूममध्ये जे झालं ते विचारू नका. मी शाळेची इज्जत घालवली, मला टेक्नॉलॉजी येत नाही म्हणून मी जळते, वगैरे. मॅडमनी अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनलचा (हे पॅनल म्हणजे वाचन कसं शिकवावं ते तपासणारी तज्ज्ञांची समिती) 2000 सालचा रिपोर्ट तोंडावर फेकला, फोनिक्सनं फायदा होते असं त्यात सिद्ध झालंय म्हणे. अहो झालंय ना, मी कुठं नाही म्हणते, पण तो रिपोर्ट क्रमानं, पद्धतशीर शिकवलेल्या फोनिक्सबद्दल आहे, टाळ्या वाजवणाऱ्या पॅनलबद्दल नाही. गेमचंच म्हणाल तर फिनलंडच्या विद्यापीठातून निघालेला ग्राफोगेम घ्या, तो पुष्कळ देशांत वापरून पाहिला गेला, आणि 2020 मध्ये त्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला तर शब्दवाचनात सरसकट फायदा दिसला नाही, पण जिथं मोठं माणूस मुलाच्या सोबत नीट गुंतलेलं होतं तिथं दिसला. हेच मी त्या दिवशी घसा कोरडा करून सांगत होते.

आणि आपल्याकडची अडचण वेगळीच आहे, ती गेम बनवणाऱ्याला माहीत नसते. आपला 'क' म्हणजे त्यात 'अ' आलाच. मूल क, ॲ, ट असं सुटं म्हणते आणि जोडलं की 'कॅट' व्हायच्या ऐवजी भलतंच काही होते. म्हणून मी सांगते की बाळा, क चा पाय मोड, ट चा पाय मोड, क्… ॲ… ट्. दुसरीच्या पोरांना हे एका मिनिटात कळते, कारण पाय मोडणं मराठीच्या तासाला झालेलं असते. पॅनलमधली बाई अमेरिकन, ती 'हॉट'ला जवळपास 'हाट' म्हणते, मी वर्गात 'ऑ' शिकवते, मग पोरांनी कोणाचं ऐकायचं? घरी आई हिंदी बोलते, आजी वऱ्हाडी, अन् वरून ही बाई.

बरं, यात नवीन तरी काय आहे? इंग्रजी फोनिक्सवाले सुरुवातीला एस, ए, टी, आय, पी, एन घेतात, कारण तेवढ्यातच पोराला सॅट, पिन, टॅप वाचता येते. आपल्याकडं ग म भ न काऊन आधी शिकवत होते मग? मग, मन, नग, गगन, चार अक्षरांत शब्द तयार. माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर हेच करायची, तिला कोणी पॅकेज विकलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. गेम वापरा, पण आवाज बंद करून. एक पोट्टा पॅनलजवळ, बाकी सगळ्यांच्या हातात पाटी. आधी सगळ्यांनी आवाज तोंडानं काढायचे, जोडायचे, पाटीवर लिहायचं, मग पॅनलवाल्यानं बोट ठेवायचं. दहा मिनिटं पुरे. आणि शिकलं की नाही ते चार्टवर पाहू नका, कागदावर बिनअर्थाचे शब्द लिहून वाचायला द्या, टिप-नॅपसारखे ओळखीचे नाही तर 'मिब', 'फिप' असले काहीतरी. इंग्लंडमध्ये 2012 पासून इयर वनच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांची अशीच तपासणी होते, 40 शब्द, त्यातले 20 बिनअर्थाचे, कारण ते पाठ करून येता येत नाही.

हे सगळं इंग्रजीपुरतं बोलली. ज्या पोराला उच्चारात किंवा ऐकण्यात अडचण आहे त्याला हेडफोन लावून तोच तोच आवाज शंभरदा ऐकवायला गेम चांगलाच, माणूस तेवढा धीर ठेवत नाही, मीही नाही ठेवत. 60 पोरांच्या वर्गात, जिथं एकच टीचर आहे, तिथं अर्ध्यांना गेमवर बसवून अर्ध्यांना जवळ घेता येते, हेही खरं. आणि 'द', 'सेड', 'वॉज' असल्या शब्दांना फोनिक्स पूर्ण पुरत नाही, ते वेगळे करून घ्यावेच लागतात.

तुम्ही पालक असाल तर पुढच्या ओपन डेला चार्ट बाजूला ठेवायला लावा आणि पोराला कधी न पाहिलेलं पुस्तक हातात द्या. सुपरवायझर असाल, तर मिसनं पॅनल बंद केलं म्हणून तिला मेमो देऊ नका. मला दिला होता.