परमकॅथ नीट चालतोय, मग फिस्टुला कशाला?

"कॅथेटर मस्त चाललाय, सुई नाही की दुखणं नाही, मग हात कशाला चिरून घेऊ?" डायलिसिसच्या पेशंटबरोबर काम करताना हा प्रश्न मला जितक्या वेळा ऐकायला मिळतो तितका दुसरा कुठलाच नसेल. आणि प्रश्न अजिबात वेडगळ नाहीये. ज्याला आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला लागायचंय तो चालू असलेल्या गोष्टीला हात लावायला का-कू करणारच ना. एका काकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून, आणि ओळख लागेल असे तपशील बदलून.

काका सुतारकाम करणारे, पन्नाशी उलटलेली. किडनी गेल्याचं कळलं तेच इमर्जन्सीत, त्यामुळे आधी मानेत टेम्पररी कॅथेटर आणि मग परमकॅथ, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेतून पार हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत गेलेली नळी आणि तिची बाहेरची टोकं छातीवर. सात-आठ महिने त्यावरच चाललेलं. नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, दर वेळी फिस्टुलाचं बोलायचे, म्हणजे छोटं ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडायची आणि पुढे त्या शिरेत सुया घालून डायलिसिस करायचं, काका दर वेळी "बघू" म्हणायचे, आणि शेवटी काकूंनी त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं.

बसल्या बसल्या काका म्हणाले, "मला पटवायला सांगितलंय ना तुम्हाला?" मी म्हटलं पटवापटवी नंतर, आधी कॅथेटरचं चांगलं काय ते तुम्हीच सांगा. त्यांनी भराभर सांगितलं, सुई टोचत नाही, दोन मिनिटांत लाइन जोडतात, दोन्ही हात मोकळे राहतात त्यामुळे मोबाइल बघता येतो, संपल्यावर रक्त थांबायची वाट बघत बसावं लागत नाही. सगळं खरं आहे आणि मी तसं म्हटलं पण. मग विचारलं, आणि त्रास? "काही नाही."

इथे काकूंना राहवेना. डायलिसिस चालू असतानाच हुडहुडी भरून ताप आलेला, रक्ताच्या कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं, ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक्स. मशीन सारखं अलार्म मारतं, मग टेक्निशियन लाइन उलटी जोडून कसंबसं पूर्ण करतात. इतके महिने डोक्यावरून अंघोळ नाही, कारण छातीवरचं ड्रेसिंग ओलं होऊन चालत नाही. काका म्हणाले, "अगं तो ताप होता, त्याचा कॅथेटरशी काय संबंध?"

मला वाटतं या सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. कॅथेटरमुळे होणारा त्रास माणूस आजारपणाच्या खात्यावर लिहितो, आणि फिस्टुलाचा त्रास मात्र फिस्टुलाच्याच खात्यावर. ताप आला तर आजार, अशक्तपणा वाटला तर किडनी, पण हातात सुई टोचली तर ती फिस्टुलाची सुई. असा हिशोब मांडला की कॅथेटरच जिंकणार, दुसरं काय होणार.

म्हणून आम्ही नोंदी बदलल्या. तो ताप, ती थंडी, हे कॅथेटरच्या नावावर टाकलं, कारण कातडीतून बाहेर आलेली नळी थेट रक्तात जाते आणि जंतूंना तो सरळ रस्ता मिळतो, आपल्या स्वतःच्या शिरेपेक्षा तिथे रक्तातल्या इन्फेक्शनचा धोका बराच जास्त असतो. कमी फ्लो सुद्धा कॅथेटरच्याच नावावर. काकांचा पंप अडीचशेच्या वर नेला की अलार्म, आणि चांगल्या फिस्टुलावर मिनिटाला ३०० ते ४०० मिली रक्त आरामात ओढता येतं. रक्त कमी फिरलं की तेवढ्याच चार तासांत सफाई कमी होते, मग भूक नाही, दमल्यासारखं वाटतं, आणि आपण म्हणतो किडनीच गेलीय तर असं होणारच. आणि एक गोष्ट काकांना कुणी नीट सांगितलेलीच नव्हती, की नळी फार काळ राहिली तर छातीतली मोठी शीर आतून अरुंद होऊ शकते, आणि तसं झालं तर त्या बाजूच्या हातात पुढे फिस्टुला करणंच अवघड होऊन बसतं. म्हणजे "बघू, नंतर करू" म्हणण्याची पण किंमत असते, ती फक्त आज दिसत नाही एवढंच.

एवढं सांगितल्यावर काका लगेच तयार झाले असं काही नाही. माहिती देऊन माणूस बदलतो यावर माझा फारसा विश्वास नाहीये. मग मी विचारलं की फिस्टुला म्हटलं की डोळ्यासमोर नेमकं काय येतं? तर शेजारच्या बेडवरच्या एका पेशंटचा हात, शीर फुगून गाठी गाठी झालेला. शिवाय अजून एकाचा फिस्टुला दोनदा बंद पडलेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, "सर्जन म्हणतात डाव्या हातात करू, तो कामाचा हात नाही. अहो ताई, करवत उजव्या हातात असते हो, पण लाकूड धरतो कोण?"

हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. मी म्हटलं हे वाक्य असंच्या असं सर्जनना सांगा.

तरी मला वाटत होतं अजून काहीतरी आहे. काकू जरा पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा ते निघालं. धाकटा भाऊ किडनी द्यायला तयार होता, तपासण्या सुरू होत्या. "फिस्टुला केला म्हणजे मीच ठरवून टाकल्यासारखं होतं ना, की आता आयुष्यभर हेच. भावाला पण वाटेल याची सोय झाली, आता कशाला." छातीवरची नळी त्यांना तात्पुरती वाटत होती आणि तात्पुरती आहे म्हणूनच ती प्रिय होती. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं पण मला हे खूप पेशंटमध्ये दिसतं.

याचं उत्तर मी एकटी देणं बरोबर नव्हतं, म्हणून पुढच्या भेटीत नेफ्रोलॉजिस्ट आणि भाऊ दोघांनाही बसवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फिस्टुला असला म्हणून ट्रान्सप्लांट अडत नाही, उलट वाट बघण्याच्या काळात रक्तात इन्फेक्शन झालं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, त्यामुळे ट्रान्सप्लांट हवं असेल तर नळीतून लवकर सुटणं फायद्याचंच. भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, तू हात कर, मी तपासण्या करतो."

मग मात्र गाडी हलली. आधी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून दोन्ही हातांच्या शिरा आणि धमन्या मोजल्या. मनगटाजवळची शीर बारीक निघाली, म्हणून सर्जननी कोपराजवळ करायचं ठरवलं. काकांना वाटत होतं की हा काहीतरी नवीन प्रयोग आहे, तर सर्जन हसले, म्हणाले काका, ही पद्धत १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी छापून आणली, त्याच्या आधी हातातून बाहेर आलेल्या नळ्यांवरच काम चालायचं, म्हणजे लोक नळीकडून शिरेकडे आलेत. धमनीचं जोराचं रक्त शिरेत सोडायचं, त्या दाबाने शीर रुंद आणि जाड होते आणि मग तिच्यात वारंवार सुया घालता येतात, बाहेरचं काही आत ठेवावं लागत नाही. लाकूड धरण्याबद्दल पण ते नीट बोलले. जखम भरल्यावर हात वापरायचाच आहे, पण त्या हाताला धारदार हत्यार लागता कामा नये, आणि कोपरावर पिशवी लटकवणं, जड ओझं, सगळं बंद. काकांनी कापणी पुतण्याकडे दिली आणि मापं, खुणा, जोडणी स्वतःकडे ठेवली. मनाला लागलं त्यांच्या, ते मी इथे गोड करून सांगणार नाही.

ऑपरेशन फक्त हात बधिर करून झालं. हात थोडे दिवस सुजलेला होता. दुसऱ्या दिवशी नर्सने त्यांची बोटं जोडावर ठेवली आणि आत सुरसुर लागली, तिला थ्रिल म्हणतात. ती रोज सकाळ-संध्याकाळ बघायची, आणि ती गेली किंवा एकदम कमी झाली तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी युनिटला फोन करायचा, कारण गुठळी लवकर कळली तर फिस्टुला वाचू शकतो. त्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही, घट्ट घड्याळ नाही, त्यावर डोकं ठेवून झोपणं नाही. बोटं थंडगार पडली, पांढरी-निळी झाली किंवा सारखी दुखायला लागली तर तेही लगेच सांगायचं, हाताचं रक्त फिस्टुलाकडे जास्त वळत असू शकतं.

आता खरा कठीण काळ. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की झालं. तसं नसतं, शीर तयार व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात, आणि तोवर छातीवर नळी पण आहे आणि हातावर टाके पण, दोन्हींची काळजी आणि फायदा कशाचाच नाही. दीड महिन्याने बघितलं तर काकांची शीर हवी तेवढी फुगलेली नव्हती, एका ठिकाणी अरुंद होती, तिथे फुगा घालून रुंद करावी लागली. काका माझ्यावर चिडले, "सांगत होतो ना." मी म्हटलं हो, आणि पहिल्या दिवशी मी पण सांगितलं होतं की सगळेच फिस्टुला पहिल्या झटक्यात तयार होत नाहीत. हे आधी सांगितलेलं असलं ना तर चिडला तरी माणूस परत येतो, आणि "काही नाही हो, छोटंसं ऑपरेशन" असं सांगून पाठवलेला पेशंट अशा वेळी सरळ गायब होतो.

सुया सुरू झाल्या तेव्हा आधी एकच बारीक सुई हातात आणि रक्त परत जायला कॅथेटर, असं काही वेळा केलं. सुईच्या तासभर आधी बधिर करणारं क्रीम लावायचं. काकांनी सुरुवातीला सगळ्यात अनुभवी टेक्निशियन मागितला, आणि हे प्रत्येकाने बिनधास्त मागावं, यात कुणाचा अपमान नाही. तरीही एकदा शिरेच्या बाहेर रक्त गेलं आणि अर्धा दंड काळानिळा. काकूंनी मला फोटो पाठवला. त्या वेळी बर्फ, नंतर शेक, हाताला थोडी विश्रांती, तोवर कॅथेटरवर काम. काका म्हणाले आता हे कुठल्या खात्यात लिहू? मी म्हटलं फिस्टुलाच्या, बिनचूक लिहा, लपवू नका. मग दोन सुयांवर सलग काही डायलिसिस नीट झाल्यावर कॅथेटर काढला. डोक्यावरून पहिली अंघोळ एवढी लांबली की काकूंना दार वाजवावं लागलं म्हणे.

फुगलेल्या हाताचं राहिलंच. रोज त्याच त्याच जागी टोचलं की ती जागा कमजोर होऊन फुगते, म्हणून सुईची जागा थोडी थोडी सरकवत न्यायची असते. काका आता स्वतः विचारतात, "मागच्या वेळी कुठे होती?" शीर थोडी उठून दिसतेच, ते खोटं कशाला सांगू.

एक मात्र सांगते, हे वाचून कुणी आपल्या ऐंशीच्या आजोबांना जबरदस्ती करू नका. हृदय फार कमजोर असेल तर फिस्टुलाचा जास्तीचा भार सोसत नाही, कुणाच्या शिराच चांगल्या नसतात, मग कृत्रिम नळीचा ग्राफ्ट किंवा कॅथेटरच चालू ठेवणं योग्य ठरतं, तसंच कुणाचं वय आणि एकूण तब्येत बघता महिनोन् महिने शीर तयार व्हायची वाट बघण्यात अर्थ नसतो. अशा घरांत मी फिस्टुलाचा विषय ताणत नाही, कॅथेटर स्वच्छ कसा ठेवायचा आणि थंडी-ताप आला तर एक तासही थांबायचं नाही यावरच बोलते.

भावाच्या तपासण्या अजून चालू आहेत, मध्ये एका रिपोर्टने महिना खाल्ला. मागच्या वेळी काकांनी सर्जनना विचारलं, ट्रान्सप्लांट झाल्यावर हा बंद करतात का? ते म्हणाले लगेच सहसा नाही, नवी किडनी कशी चालते ते बघू, हृदयाला किंवा हाताला त्रास असेल तर विचार करू. काकांनी बाहीवरून हात फिरवत विचारलं, "मग तोवर कापणीचं काम करता येईल का थोडंसं?" सर्जन नाही म्हणाले.