लहानपणी नावडणारी चव मोठेपणी कशी आवडू लागते? घरातलं खाणं खरंच बदलतं का?

बदलतं, पण इतकं हळू की घरातल्यांना पत्ताच लागत नाही. आम्हाला तो एका पाहुण्यामुळे लागला. पहिल्याच घासाला त्याने मीठ मागितलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आम्हाला जेवण अगदी बरोबर लागत होतं. बाबांच्या रक्तदाबामुळे वर्षभरापूर्वी मीठ कमी केलं होतं. पहिले काही आठवडे सगळे कुरकुरले, बाबा तर जेवण अर्धं टाकून उठायचे. मग कधीतरी कुरकुर थांबली. मीठ कमी केलं की साधारण दोन-तीन महिन्यांत जिभेची अपेक्षाच खाली येते आणि जुनं प्रमाण खारट लागू लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आम्ही तिथवर पोचलो असू असा माझा दावा नाही.

उलटंही घडतं. आजी स्वयंपाक करायची तेव्हा शेवटच्या काही वर्षांत तिचा हात मिठाला सढळ झाला होता. आम्ही म्हणायचो, विसरून दोनदा घालते. खरं तर साठीनंतर बऱ्याच जणांचं नाक मंदावतं, आणि आपण जिला चव म्हणतो तिच्यात वासाचा वाटा फार मोठा असतो. नाक दाबून जेवून बघा. चुलीशी जो उभा, त्याच्या नाकाजिभेवर सगळ्या घराची चव ठरते. आजीला आम्ही उगाच बोललो.

लहानपणीच्या नावडीचं म्हणाल तर कडू म्हणजे विषारी असू शकतं, ही सावधगिरी मूल जन्मतःच घेऊन येतं. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाचा संशयही सर्वांत जास्त असतो. तोच पदार्थ थोडा थोडा, जबरदस्ती न करता, आठ-दहा वेळा समोर आला की बरीच मुलं तो खाऊ लागतात. आईबाप तिसऱ्या वेळेलाच हात टेकतात, तो भाग वेगळा. मला कडू कॉफी आवडायला नोकरी लागावी लागली. चवीपेक्षा सोबत आवडली असावी.

एक पदार्थ मात्र आजही घशाखाली उतरत नाही. लहानपणी तो खाऊन प्रवासाला निघालो आणि गाडीत उलटी झाली. दोष वळणांचा होता हे डोक्याला पटतं, पोटाला नाही.