लग्नाच्या दिवसापुरता कोऑर्डिनेटर: 59 हजार द्यावेत का?

प्रश्न: आम्ही नेरुळला राहतो. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. रविवारी, ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये, दुपारी 12.17 चा मुहूर्त. माणसं 350, ताट 750 रुपये. बजेट 13 लाखांचं, त्यातले 12 लाख 40 हजार ठरलेल्या कामांनाच जाणार, खर्चाची यादी सोबत पाठवतेय. आता मुलगी म्हणते, लग्नाच्या दिवसापुरती कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या दिवशीची सगळी व्यवस्था बघणारी बाई, घेऊ. त्या बाईने 50 हजार आणि वर 18 टक्के जीएसटी सांगितलाय. यजमान म्हणतात, पुतण्या आहे की, तो बघेल. यजमान जूनमध्ये निवृत्त होताहेत. एफडी मोडून हा खर्च करावा का?

उत्तर: नमस्कार ताई. एफडी मोडू नका. कोऑर्डिनेटर मात्र घ्या, पण एका अटीवर: लग्नाच्या तीन आठवडे आधी तुमच्या घरची सगळी माहिती कागदावर उतरलेली असली पाहिजे. ते जमणार नसेल तर हे पैसे वाचवा. त्या दिवशी सकाळी सहाला येणाऱ्या कोऑर्डिनेटरला तुमचे मामा कोण, आत्या कोण हे माहीत नसतं. तुम्ही जे ठरवून तिच्या हातात द्याल तेच ती पार पाडेल. जे ठरलेलंच नाही, ते विचारायला ती मांडवात तुमच्याकडेच धावत येईल.

आधी पैशाचं बघू. तुमच्याकडे 60 हजार शिल्लक आहेत आणि कोऑर्डिनेटरचे जीएसटी धरून 59 हजार होतात. हिशेब जुळल्यासारखा वाटतो, पण ही शिल्लक अडीअडचणीची आहे, तिला हात लावू नका. लग्नात ऐनवेळी काहीतरी निघतंच. एफडी मुदतीआधी मोडली तर जितके दिवस पैसे ठेवले तितक्या दिवसांचा कमी दर मिळतो आणि त्यातूनही बँका साधारण अर्धा ते एक टक्का कापतात. शिवाय निवृत्तीच्या तोंडावर ठेवी मोडायची सवय लागू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तुमच्या यादीत दोन आकडे माझ्या डोळ्यांत भरले. 360 अंशांच्या फोटो बूथचे 28 हजार, आणि 350 जणांना दीडशे रुपयांची परतभेट, म्हणजे 52,500. परतभेट माणशी कशाला? कुटुंबामागे एक द्या. 140 कुटुंबं धरली तर 21 हजारांत भागतं, 31,500 वाचतात. बूथ काढला की एकूण 59,500 होतात. कोऑर्डिनेटरचा खर्च 13 लाखांच्या आतच बसला.

आता पुतण्या. तो फुकट नाही, ताई. बहिणीच्या लग्नात तो दिवसभर जनरेटरवाल्याला फोन करत बसला तर कान पिळायला कोण उभं राहणार? त्याला दुसरं काम द्या, तेच महत्त्वाचं आहे. कोऑर्डिनेटरने निर्णयासाठी विचारायचं ते फक्त त्याला, तुम्हाला किंवा यजमानांना नाही. वरपक्षाकडूनही असंच एक नाव ठरवून घ्या. किरकोळ खर्चाची मर्यादाही आधी सांगा: 2 हजारांपर्यंत तिने विचारायचं नाही, त्यावर पुतण्याला विचारायचं.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ केटररवर घालवा, कारण लग्नात पैसा गळतो तो तिथे. ताटं कशी मोजायची हे लेखी ठरवा. जेवणं सुरू होण्याआधी काउंटरवर ताटं मोजायची, शेवटी उरलेली मोजायची, दोन्ही वेळा केटररचा माणूस आणि कोऑर्डिनेटर समोर हवेत. फोटोग्राफर, सनईवाले, ड्रायव्हर यांची ताटं वेगळी धरा, नाहीतर शेवटी तीस ताटांवरून वाद होतो आणि 22,500 रुपये तुम्ही संकोचाने देऊन टाकता. विहिणींची पंगत वेगळी बसवणार असाल तर तिथे कोण वाढणार, हेही आधीच विचारा. हॉलचं वीजबिल युनिटवर असेल तर ताबा घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो कोऑर्डिनेटरनेच काढायचा. डिपॉझिट परत कधी, कोणाच्या खात्यात, हे तिच्या कागदावर असू द्या.

वेळापत्रक मुहूर्तापासून मागे मोजत लिहा. 12.17 ला अक्षता पडायच्या तर गौरीहर किती वाजता, मामा नवरीला घेऊन कधी निघणार, मेकअप कधी संपणार. नेरुळहून निघणाऱ्या गाड्यांना ऐरोली, कळवा करत घोडबंदर रोड गाठायचाय. त्या रस्त्याचा भरवसा कोणीच देणार नाही, म्हणून घरच्या माणसांची पहिली गाडी गुरुजींच्या सामानासकट लवकर निघू द्या. पाहुण्यांना ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला उतरायला सांगा आणि स्टेशनवरून बस ठरवा. बसवाल्याचा नंबर कोऑर्डिनेटरकडे असू द्या. दागिने तिच्या ताब्यात देऊ नका, आहेराची पेटीही नाही. ती दोन्ही कामं घरच्या एका वयस्क बाईची. लॉकरमधून दागिने काढायचे असतील तर लग्नाआधीचा शनिवार दुसरा किंवा चौथा नाही ना, हे बघा, कारण तेव्हा बँक बंद असते, शुक्रवारीच काढा. आणि विवाह नोंदणीचा अर्ज आधी भरून ठेवा. गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही तिथेच घेण्याचं काम कोऑर्डिनेटरच्या यादीत घाला. नोंदणी 90 दिवसांत करायची असते, आणि नंतर गुरुजींना शोधत फिरणं फार कटकटीचं होतं.

त्या दिवशी पैशाचे व्यवहार जितके कमी, तितकं बरं. केटररचं बिल 2,62,500 च्या घरात जाईल. एका समारंभासाठी एका माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2017 पासून मनाई आहे, रक्कम हप्त्याहप्त्याने घेतली तरीही. दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका, पण रोखीच्या व्यवहारात पावती न मिळण्याचा तोटा तुमचा. मोठ्या रकमा आधीच एनईएफटीने पाठवा, ती रविवारीही चालते. यूपीआयला रोजची मर्यादा असते, त्यावर विसंबू नका. उरलेल्यांची पाकिटं पुतण्याकडे ठेवा. प्रत्येकावर नाव, आधी दिलेली रक्कम आणि बाकी लिहा.

शेवटचं, कोऑर्डिनेटरशी बोलताना. जीएसटी लावतेय तर नोंदणी क्रमांक असलेलं बिल मागा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. तसं निघालं तर तुमचे 9 हजार वाचले. त्या दिवशी ती स्वतः येणार की मदतनीस, सोबत किती माणसं, त्याच दिवशी दुसरं लग्न घेतलंय का, हॉलच्या मॅनेजरला भेटायला आधी एकदा येणार का, दुपारी चारनंतर थांबली तर तासाचे किती, हे सगळं लेखी घ्या. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. 10 हजार दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा, ताटांची मोजणी, मीटरचे फोटो आणि सह्या झालेला अर्ज हातात आल्यावर द्यायला.